बँड ३, बँड ४० आणि एन७८ मोजताना : अ‍ॅनालायझरवर फ्रिक्वेन्सी आणि पॉवर कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका साइटवर तीन मोजमापं केली. बँड ३ च्या एलटीई आरआरयूच्या, म्हणजे टॉवरवरच्या रेडिओ युनिटच्या, पोर्टला ४० डीबीचा पॅड (पॉवर ठरावीक प्रमाणात घटवणारा भाग) लावून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर मोजलं तर ४२.३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबीमध्ये पॉवर) आले. ओएसएसवर (नेटवर्कवर देखरेख करणाऱ्या प्रणालीवर) मात्र पोर्टमागे ४० वॉट, म्हणजे ४६ डीबीएम दिसतात. टेस्ट मॉडेल, म्हणजे पूर्ण भाराचा ठरावीक चाचणी सिग्नल, चालू होतं, त्यामुळे सेल रिकामा असल्याची शंका नाही. त्याच सेटिंगवर बँड ४० मोजायला घेतला तर आकडा ठरतच नाही. खाली उतरून अँटेनाने एन७८ (फाइव्ह-जीचा बँड) पाहिला, तर फोनने दाखवलेला एआरएफसीएन (फ्रिक्वेन्सीचा क्रमांक) ६३४०८० टाकूनही सिग्नल स्क्रीनच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला सरकलेला दिसतो. अ‍ॅनालायझरवर आरबीडब्ल्यू (एका वेळी पाहिली जाणारी फ्रिक्वेन्सीची रुंदी) १०० किलोहर्ट्झ, व्हीबीडब्ल्यू (ट्रेस गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरची रुंदी) १ किलोहर्ट्झ, डिटेक्टर (प्रत्येक पॉइंटचा आकडा निवडण्याची रीत) सॅम्पल, अ‍ॅव्हरेज २०, अ‍ॅटेन्युएशन (इनपुटवरची आतली घट) ऑटो आणि रेफरन्स लेव्हल (स्क्रीनच्या वरच्या कडेची पातळी) ट्रेस नीट दिसेल अशी. पॉवर वाचली ती ट्रेसवरच्या बँड पॉवर मार्करने. यंत्र बिघडलंय की आरआरयू?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दोन्ही शाबूत असावीत असं मला वाटतं. तिन्ही ठिकाणी गडबड सेटिंगची आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी. आरआरयू बदलायची मागणी टाकण्याआधी खालचं करून पाहा. ‘पॉवर कमी’ म्हणून परत पाठवलेले रेडिओ तपासणीत व्यवस्थित निघतात, तेव्हा टॉवरवर चढणाऱ्या माणसाचे कष्ट आणि साइटचा बंद वेळ दोन्ही वाया गेलेले असतात. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक परीक्षा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. स्क्रीनवरचा आकडा सिग्नलचा आहे की यंत्राचा, हे ओळखायचं असेल तर जे सेटिंग बदलल्याने खऱ्या सिग्नलचा आकडा बदलायला नको, ते मुद्दाम बदलायचं. इनपुट अ‍ॅटेन्युएशन १० डीबीने वाढवा. यंत्र तेवढी भरपाई स्वतः करतं, म्हणजे चॅनल पॉवर (पूर्ण चॅनलची एकूण पॉवर) जागची हलायला नको. आरबीडब्ल्यू १०० वरून ३० किलोहर्ट्झवर आणा. ट्रेस खाली येईल, पण चॅनल पॉवर तीच राहायला हवी. स्वीप टाइम दुप्पट करा, तरीही तीच. यांपैकी कशानेही आकडा अर्ध्या डीबीहून जास्त हलला, तर तो आकडा कुठेही नोंदवायच्या लायकीचा नाही. आधी तो का हलतो ते शोधायचं.

आता बँड ३.

सुरुवात केबल जोडण्याआधी होते. ४६ डीबीएम म्हणजे सरासरी ४० वॉट. बहुतेक अ‍ॅनालायझरच्या इनपुटची कमाल मर्यादा ३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे १ वॉट असते. नेमका आकडा कनेक्टरशेजारी छापलेला असतो, तो वाचा. शिवाय ४६ ही फक्त सरासरी आहे. ओएफडीएम (अनेक सबकॅरिअर एकत्र करून बनलेल्या) सिग्नलची शिखरं सरासरीच्या बरीच वर जातात. रेडिओत ती छाटली जातात, तरी ७-८ डीबी उरतात. म्हणजे क्षणभराची पॉवर ५४ डीबीएम, अडीचशे वॉटपर्यंत. त्यामुळे पोर्टला लागून जो पॅड बसतो तो ३० डीबीचा आणि निदान १०० वॉटचा घ्या, आणि त्याच्यामागे १० डीबीचा छोटा. मोठ्या पॅडच्या पुढे जेमतेम ४० मिलिवॉट येतात, तेवढे छोट्याला सहज झेपतात. उलट क्रमाने लावले तर छोटा पहिल्याच मिनिटात जळेल आणि त्याच्यामागोमाग अ‍ॅनालायझरचा फ्रंट एंड जाईल. काही हाय पॉवर पॅडना दिशा असते, इनपुटची बाजू खूण करून दिलेली असते. कनेक्टर उघडताना आणि जोडताना आरएफ बंद, मोकळ्या पोर्टांवर डमी लोड, या दोन गोष्टींत सूट नाही.

मग फ्रिक्वेन्सी. एलटीईमध्ये हे सरळ आहे. बँड ३ चं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे) १८०५ मेगाहर्ट्झला सुरू होतं आणि तिथला ईएआरएफसीएन (एलटीईतला फ्रिक्वेन्सीचा क्रमांक) १२०० असतो. पुढे प्रत्येक आकड्यामागे ०.१ मेगाहर्ट्झ. साइटचा ईएआरएफसीएन १४५० असेल तर १८०५ अधिक २५, म्हणजे १८३० मेगाहर्ट्झ. हा कॅरिअरचा खराखुरा मध्य असतो. अपलिंक त्याच्या ९५ मेगाहर्ट्झ खाली, १७३५ वर, आणि त्याचा क्रमांक १८००० ने मोठा, म्हणजे १९४५०. बँड ५ साठी सुरुवातीची फ्रिक्वेन्सी आणि क्रमांक ८६९ आणि २४००, बँड ८ साठी ९२५ आणि ३४५०, बँड १ साठी २११० आणि ०, बँड ४० साठी २३०० आणि ३८६५०. एवढे आकडे डोक्यात असले की टॉवरखाली फोनवर सूत्र शोधत बसावं लागत नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पेक्ट्रम सर्कलनुसार, म्हणजे दूरसंचाराच्या विभागांनुसार, वाटलेला आहे. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक सर्कल. नाशिक, पुणे, नागपूर आणि गोवा हे दुसरं. एकाच कंपनीचा बँड ३ चा तुकडा दोन्हीकडे वेगळ्या जागी आणि वेगळ्या रुंदीचा असू शकतो. मुंबईत काम करताना यंत्रात साठवलेलं सेटिंग कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला तसंच वापरलं, तर मध्य चुकतोच, वर २० मेगाहर्ट्झ समजून १५ किंवा १० चा कॅरिअर मोजला जातो. ओएसएसवरून ईएआरएफसीएन आणि बँडविड्थ दोन्ही घ्या, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या खांद्यांशी (सिग्नलच्या दोन्ही कडांशी) ताडून पाहा. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईत १०० रिसोर्स ब्लॉक (सबकॅरिअरचे गट) असतात आणि त्यांची प्रत्यक्ष रुंदी १८ मेगाहर्ट्झ. १८३० मध्य धरला तर खांदे १८२१ आणि १८३९ ला पडायला हवेत. पॉवरसाठी स्पॅन ३० मेगाहर्ट्झ पुरे. शेजारच्या चॅनलमधली गळती, म्हणजे एसीएलआर, बघायची असेल तर दोन्हीकडचे दोन-दोन चॅनल मावतील असा १०० मेगाहर्ट्झ घ्या.

आता तुमचे हरवलेले ३.७ डीबी.

त्यातले अडीच व्हीबीडब्ल्यूने खाल्ले. ट्रेस थरथरत होता म्हणून तुम्ही व्हीबीडब्ल्यू १ किलोहर्ट्झवर आणला आणि वर अ‍ॅव्हरेज लावला, बरोबर? ट्रेस गुळगुळीत होतो, आणि तेव्हाच मोजमाप बिघडतं. स्क्रीन डीबीमध्ये असताना व्हीबीडब्ल्यू आरबीडब्ल्यूपेक्षा फार लहान ठेवला की यंत्र वॉटची सरासरी काढत नाही, डीबीच्या आकड्यांची काढतं. एकाच फ्रिक्वेन्सीच्या स्वच्छ सिग्नलला त्याने काही फरक पडत नाही. पण एलटीईचा सिग्नल यंत्राच्या नजरेला नॉइजसारखाच असतो, आणि नॉइजसारख्या सिग्नलच्या डीबींची सरासरी त्याच्या खऱ्या पॉवरपेक्षा २.५१ डीबी कमी येते. हा गणिताचा नियम आहे, यंत्राचा दोष नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन करून तो जाणार नाही. व्हीबीडब्ल्यू कमी करणं आणि डीबीमध्ये ट्रेस अ‍ॅव्हरेज करणं हे एकाच प्रकारचं काम आहे, म्हणून दोन्ही लावले तरी चूक पाचावर जात नाही, अडीचच राहते. उपाय : डिटेक्टर आरएमएस (खऱ्या पॉवरची सरासरी घेणारा) करा, व्हीबीडब्ल्यू आरबीडब्ल्यूच्या निदान तिप्पट, अ‍ॅव्हरेज हवाच असेल तर पॉवर अ‍ॅव्हरेज. ट्रेस स्थिर करायला स्वीप टाइम वाढवा. आरएमएस डिटेक्टर असताना हळू स्वीप म्हणजेच खरी सरासरी. यंत्रात चॅनल पॉवरचं तयार मोजमाप असेल तर ते वापरा. बहुतेक यंत्रं त्यात आरएमएस स्वतःच लावतात, तरी एकदा डोळ्यांनी खात्री करा. उलट्या बाजूची चूकही नेहमीची आहे : पीक डिटेक्टर किंवा मॅक्स होल्ड लावून पॉवर वाचली की आकडा कित्येक डीबी फुगतो. मॅक्स होल्ड इंटरफिअरन्स हुडकण्यासाठी ठेवा, पॉवरसाठी नको.

उरलेले १.२ डीबी बहुधा तुमच्या टेस्ट केबलमध्ये आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये गेले. ऑफसेटमध्ये (यंत्राला सांगितलेल्या बाहेरच्या घटीत) तुम्ही ४० टाकले आहेत, पण पॅडवर ‘४०’ छापलेलं असणं वेगळं आणि १८३० मेगाहर्ट्झला पॅड, केबल, अ‍ॅडॅप्टर मिळून प्रत्यक्ष किती घट होते ते वेगळं. पूर्ण साखळी जशी वापरणार तशीच जोडून नेटवर्क अ‍ॅनालायझरवर किंवा ट्रॅकिंग जनरेटरने १८३० ला मोजा. ४१.२ आले तर ऑफसेट ४१.२ टाका. बँड ४० ला जाताना पुन्हा मोजा, कारण केबलची घट फ्रिक्वेन्सीबरोबर साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १८३० ला १.२ देणारी केबल २३५० ला १.४ च्या जवळ जाईल. कनेक्टर टॉर्क रेंचने आवळा आणि मोजताना केबल हलवून पाहा. आकडा हलला तर ती केबल कामातून गेली असं समजा.

एवढं केल्यावर तुम्हाला ४६ च्या आगेमागे यायला हवं. अगदी ४६.० येणार नाही. थ्रीजीपीपीच्या (मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकात बेस स्टेशनच्या पॉवरला साधारण परिस्थितीत अधिक-उणे २ डीबीची मुभा आहे, आणि तुमच्या साखळीची अनिश्चितता त्यावर. ४५.३ आले तर रेडिओ उत्तम आहे. ४२.३ डीबीएम म्हणजे १७ वॉट. तुमच्या आकड्यानुसार रेडिओची निम्म्याहून जास्त पॉवर गायब होती. खरंच तसं असतं तर ओएसएसवर अलार्म आलेला असता.

आता रेफरन्स लेव्हल. ‘ट्रेस नीट दिसेल अशी’ लावली असं तुम्ही लिहिलं आहे, तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबेन. तुमची एकूण पॉवर ४६ डीबीएम, पण ती १८ मेगाहर्ट्झवर पसरलेली. १०० किलोहर्ट्झच्या आरबीडब्ल्यूमधून बघताना यंत्राला एका वेळी त्यातला १८० वा भाग दिसतो, म्हणजे २२.५ डीबी खाली. ट्रेस सुमारे २३.५ डीबीएमवर दिसतो. माणूस स्वाभाविकपणे विचार करतो की ट्रेस फार खाली आहे, रेफरन्स लेव्हल २६-२७ वर आणून त्याला वर घेऊ. अ‍ॅटेन्युएशन ऑटोवर असल्याने रेफरन्स लेव्हल खाली आली की यंत्र आतला अ‍ॅटेन्युएटर काढून टाकतं. पण आरबीडब्ल्यूचा फिल्टर मिक्सरच्या (आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाच्या) नंतर येतो. मिक्सरला १०० किलोहर्ट्झचा तुकडा दिसत नाही, त्याच्यावर पूर्ण सिग्नल आदळतो. तुमच्या बाबतीत इनपुटला ४६ वजा ४१.२, म्हणजे ४.८ डीबीएम सरासरी आणि शिखरं १३ च्या घरात. अ‍ॅटेन्युएशन शून्य किंवा ५ डीबी असेल तर मिक्सर दबतो, शिखरं चपटी होतात, पॉवर कमी वाचली जाते आणि खांद्यांच्या बाहेर नसलेली गळती उगवते. काही यंत्रं ओव्हरलोडचा इशारा देतात, काही अशा वेळी गप्प राहतात.

म्हणून नियम असा : अ‍ॅटेन्युएशन एकूण पॉवर बघून ठरवायचं, ट्रेसची उंची बघून नाही. इथे ते हाताने ३० डीबी लावा. मिक्सरवर सरासरी उणे २५ डीबीएम येईल, शिखरं उणे १७. दोन्ही निर्धास्त. ट्रेस स्क्रीनच्या मध्याखाली दिसला तर दिसू दे. आणि वर सांगितलेली परीक्षा इथेच सगळ्यात उपयोगी पडते : ३० वर वाचा, ४० वर वाचा. दोन्ही सारखे आले तर पुढे चला. एसीएलआरसाठी अ‍ॅटेन्युएटर ५-५ डीबीने वरखाली करत सर्वांत चांगला आकडा शोधा. जास्त अ‍ॅटेन्युएशनला यंत्राचा नॉइज आड येतो, कमीला मिक्सरची विकृती. बेस स्टेशनला ४५ डीबीची अट असते. अ‍ॅटेन्युएटर बदलताच आकडा ४२ चा ४७ होत असेल, तर तुम्ही आरआरयू नाही, अ‍ॅनालायझर मोजत होतात.

टेस्ट मॉडेल चालू ठेवलंत ते फार बरं केलंत. चालू ट्रॅफिकवर पॉवर मोजून ओएसएसशी ताडण्यात अर्थ नाही. रिकाम्या एलटीई सेलमध्ये रेफरन्स सिग्नल, सिंक आणि थोडंसं कंट्रोल एवढंच प्रसारित होतं. चॅनल पॉवर पूर्ण भारापेक्षा १० डीबीच्या आसपास खाली असते आणि दर मिनिटाला बदलते. टेस्ट मॉडेल लावता येत नसेल तर डीमॉड्युलेट करून (सिग्नल उलगडून) रेफरन्स सिग्नलची पॉवर मोजा, ती भारावर अवलंबून नसते. ४० वॉट १२०० सबकॅरिअरवर समान वाटले तर एकाच्या वाट्याला ४६ वजा ३०.८, म्हणजे १५.२ डीबीएम येतात. पीए उणे ३ आणि पीबी १ (पॉवर वाटपाची सेटिंगं) लावून रेफरन्स सिग्नल उचललेला असेल तर १८.२. साइटच्या पॅरामीटर फाइलमध्ये यांपैकी कोणता आकडा आहे ते बघून मगच तुलना करा.

बँड ४० चा आकडा का ठरत नाही, हे एवढ्यात तुमच्या लक्षात आलं असेल. ते टीडीडी आहे, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने. रेडिओ सतत बोलत नाही. आपल्याकडे नेहमी दिसणारी रचना, कॉन्फिगरेशन २ आणि स्पेशल सबफ्रेम ७, धरली तर दर ५ मिलिसेकंदांत तीन पूर्ण डाउनलिंक सबफ्रेम आणि स्पेशल सबफ्रेममधली १४ पैकी १० सिम्बॉल प्रसारित होतात. म्हणजे ३.७१ मिलिसेकंद चालू, १.२९ बंद. स्वीप करताना यंत्र काही फ्रिक्वेन्सींवर नेमकं बंद काळात पोचतं आणि ट्रेसला दात पडतात. तुमची डीबीमधली सरासरी त्या खड्ड्यांना पूर्ण वजन देते. खड्डा साठ डीबी खोल असला तर सरासरी दहा-पंधरा डीबींनी खाली जाऊ शकते, आणि दर वेळी खड्डे वेगळ्या जागी पडतात म्हणून आकडा नाचतो.

आधी झीरो स्पॅनमध्ये (एकाच फ्रिक्वेन्सीवर, वेळेनुसार) पाहा. मध्य २३५० वगैरे जो असेल तो, आरबीडब्ल्यू यंत्रात असेल तेवढा रुंद, स्वीप २० मिलिसेकंद, व्हिडिओ किंवा आरएफ बर्स्ट ट्रिगर. स्क्रीनवर चार ठोकळे आणि त्यांच्यामध्ये दऱ्या दिसतील. ठोकळ्याची रुंदी मार्करने मोजा. ३.७ आली तर रचना वर सांगितलेलीच. वेगळी आली तर पुढची सगळी गणितं त्या रुंदीने करा. मग गेटेड स्वीप लावा : ट्रिगर बर्स्टच्या चढत्या कडेवर, गेट डिले ०.२ मिलिसेकंद, गेटची लांबी ३ मिलिसेकंद. आता यंत्र फक्त रेडिओ बोलत असतानाच बघतं आणि आकडा पोर्टच्या पॉवरशी थेट ताडता येतो.

गेट नसेल तर आरएमएस डिटेक्टर ठेवून स्वीप इतका हळू करा की प्रत्येक पॉइंटला निदान दोन आवर्तनं मिळतील. १००१ पॉइंट, प्रत्येकी १० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंदांचा स्वीप. येणारी सरासरी बंद काळासकटची असेल, तिच्यात १.३ डीबी मिळवा. आणि अहवालात ‘गेटशिवाय, १.३ मिळवले’ असं स्पष्ट लिहा, कारण पुढचा माणूस तोच आकडा घेऊन पुन्हा १.३ मिळवतो.

एन७८ बद्दल. पहिली गोष्ट, ६४टी किंवा ३२टी (६४ किंवा ३२ ट्रान्समीटरच्या) मॅसिव्ह मायमो युनिटला केबल जोडायला पोर्टच नसतं, अँटेना आतच असते. त्यामुळे तिथे ‘पोर्टची पॉवर’ हा प्रश्नच उरत नाही. हवेतून जे मिळतं तेच मोजायचं, आणि त्यात बीम, अंतर, भार सगळं मिसळलेलं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या सरकलेल्या सिग्नलची. फाइव्ह-जीमध्ये ३ गिगाहर्ट्झच्या वर एआरएफसीएनचं सूत्र असं : ३००० मेगाहर्ट्झ अधिक ०.०१५ गुणिले क्रमांक वजा ६०००००. ६३४०८० म्हणजे ३५११.२० मेगाहर्ट्झ. गणित बरोबर आहे, पण फोन दाखवतो तो बहुतेक वेळा एसएसबीचा एआरएफसीएन असतो, कॅरिअरचा नाही. एसएसबी हा फोनला सेल शोधायला मदत करणारा फक्त ७.२ मेगाहर्ट्झ रुंदीचा तुकडा आहे. ३० किलोहर्ट्झचे २४० सबकॅरिअर, बस. तो १.४४ मेगाहर्ट्झच्या ठरावीक पायऱ्यांवरच बसतो आणि १०० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये कुठेही असू शकतो. ३५११.२० वजा ३०००, भागिले १.४४, बरोब्बर ३५५ येतात, म्हणजे तुमचा क्रमांक त्या पायरीवरचा आहे. असा नि:शेष भाग गेला की एसएसबीचा दाट संशय घ्या.

समजा कॅरिअरचा खरा एआरएफसीएन ६३६६६६ आहे, म्हणजे मध्य ३५४९.९९. १०० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये २७३ रिसोर्स ब्लॉक, रुंदी ९८.२८ मेगाहर्ट्झ, म्हणजे तो ३५००.८५ ते ३५९९.१३ पसरलेला. तुम्ही ३५११.२० मध्य धरून १०० मेगाहर्ट्झची खिडकी लावलीत, ती ३४६१.२ ते ३५६१.२. त्यात तुमच्या कॅरिअरचा फक्त ६०.३५ मेगाहर्ट्झ आला. नुसत्या त्यानेच २.१ डीबी कमी. शिवाय खालच्या बाजूने सुमारे ४० मेगाहर्ट्झ शेजारच्या ऑपरेटरचे घुसले. तो रिकामा असेल तर आकडा कमी, भरलेला आणि जवळ असेल तर जास्त. अशा मोजमापाला अर्थ नाही. ओएसएसवरून तीन आकडे वेगवेगळे मागा : कॅरिअरचा मध्य, पॉइंट ए (रिसोर्स ब्लॉक मोजण्याचा संदर्भबिंदू) आणि एसएसबी. तिन्ही एआरएफसीएनमध्येच लिहिले जातात, आणि कोणता कुठला हे न विचारता टाकला की हेच होतं. चॅनल पॉवरसाठी मध्य लावा, डीमॉड्युलेशन करून एसएस-आरएसआरपी (एसएसबीची एका सबकॅरिअरमागची पॉवर) वाचायला एसएसबी.

रिकाम्या फाइव्ह-जी सेलमध्ये रेफरन्स सिग्नलही सतत नसतो. साधारण दर २० मिलिसेकंदांनी एसएसबीचा झटका येतो आणि मध्ये जवळपास शांतता. ट्रेस रिकामा दिसला म्हणून सेल बंद आहे असं समजू नका. एखाद्या फोनवर मोठी फाइल उतरवायला लावा आणि पुन्हा बघा.

हवेतून मोजताना पॉवरचं सेटिंग उलटं होतं. पोर्टवर यंत्राला वाचवायचं असतं, इथे सिग्नलला यंत्राच्या नॉइजमधून वाचवायचं असतं. इमारतीच्या आत बँड ३ चा आरएसआरपी (रेफरन्स सिग्नलची एका सबकॅरिअरमागची पॉवर) उणे ८५ असेल तर पूर्ण भाराची चॅनल पॉवर सुमारे उणे ५४ डीबीएम. प्रीअ‍ॅम्प बंद असलेल्या अ‍ॅनालायझरचा नॉइज फिगर (यंत्र स्वतः किती नॉइज मिसळतं त्याचं माप) २५ डीबी धरला तर १८ मेगाहर्ट्झमधला त्याचा स्वतःचा नॉइज उणे ७६ च्या आसपास. पोर्टच्या कामातलं २० डीबी अ‍ॅटेन्युएशन चुकून तसंच राहिलं, तर तो उणे ५६ वर येतो. उणे ५४ चा सिग्नल आणि उणे ५६ चा नॉइज मिळून स्क्रीनवर उणे ५२ दिसतं. २ डीबी फुकटचे, आणि कव्हरेज आहे त्यापेक्षा चांगलं असल्याची नोंद होते. त्यामुळे अ‍ॅटेन्युएशन शून्य किंवा ५, गरज असेल तर प्रीअ‍ॅम्प, आणि अँटेना काढून इनपुटला ५० ओहमचा लोड लावून नॉइजचा आकडा आधी लिहून ठेवा. सिग्नल त्याच्या निदान १० डीबी वर असला तर नॉइजमुळे येणारी चूक अर्ध्या डीबीच्या आत राहते.

गच्चीवर मात्र प्रीअ‍ॅम्प जपून. दहा मीटरवर बँड ५ आणि बँड ८ चे सेक्टर ओरडत असतात, आणि तुम्ही १७३५ च्या अपलिंकमध्ये इंटरफिअरन्स शोधत असता. स्पॅन अपलिंकपुरता ठेवलात तरी फ्रंट एंडमध्ये सगळे बँड शिरतात. तिथे दिसणारे कित्येक उंचवटे यंत्राच्या आतच तयार झालेले असतात. ओळखायची रीत : अँटेना आणि यंत्राच्या मध्ये ३ डीबीचा पॅड लावा. खरा सिग्नल ३ डीबीने उतरेल. आत तयार झालेलं तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून बनलेला खोटा सिग्नल) ९ डीबीने उतरेल. बँडपास फिल्टर जवळ असेल तर त्याहून चांगलं. शेजारच्या कंपनीला इंटरफिअरन्सचं पत्र धाडण्याआधी ही एक चाचणी कराच.

फ्रिक्वेन्सी एरर मोजणार असाल तर एक इशारा. मोठ्या बेस स्टेशनला अधिक-उणे ०.०५ पीपीएमची (दहा लाखांत ०.०५ भागाची) मर्यादा असते. १८३० मेगाहर्ट्झला ती जेमतेम ९२ हर्ट्झ होते. तुमच्या अ‍ॅनालायझरचा आतला ऑसिलेटर १ पीपीएमचा असेल तर तो स्वतःच १८३० हर्ट्झने चुकलेला असू शकतो. जीपीएस लॉकचा दिवा लागेपर्यंत थांबा, किंवा साइटचा १० मेगाहर्ट्झ रेफरन्स बाहेरून द्या. त्याशिवाय आलेला फ्रिक्वेन्सी एरर लिहूच नका. साइटचाच रेफरन्स घेतला तर साइटच्या क्लॉकची चूक मात्र दिसणार नाही, कारण दोघेही एकाच घड्याळावर चालतील. क्लॉकवर संशय असेल तर जीपीएसच हवा.

फोनच्या बाजूने टेस्ट सेटवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच : डाउनलिंक लेव्हलच्या रकान्यात यंत्र एका सबकॅरिअरची पॉवर मागतं आहे की पूर्ण चॅनलची, ते आधी पाहा. १० मेगाहर्ट्झच्या एलटीईत दोन्हींत २७.८ डीबीचा फरक आहे, २० मध्ये ३०.८. उणे ८५ चुकीच्या अर्थाने टाकलं की चांगला फोन सिग्नल सोडतो आणि दोष रिसीव्हरवर जातो. सिग्नल जनरेटर वापरायचा तर तो केबलने, शील्डेड बॉक्समध्ये. लायसन्सच्या बँडमध्ये अँटेना लावून प्रसारण करायचं असेल तर ज्याच्याकडे तो स्पेक्ट्रम आहे त्याच्या परवानगीशिवाय आरएफचं बटण दाबू नका.

बँड ३ आधी करा, कारण तिथे उत्तर लगेच मिळेल : आरएमएस, व्हीबीडब्ल्यू ३०० किलोहर्ट्झ, अ‍ॅटेन्युएशन हाताने ३०, ऑफसेट मोजलेला. मग अ‍ॅटेन्युएशन ४० करून दुसरं वाचन. दोन्ही आकडे, साखळीची १८३० वरची मोजलेली घट आणि बँड ४० चं झीरो स्पॅनमधलं चित्र इथेच टाका. बँड ३ त्यानंतरही ४४ च्या खाली राहिला, तर पुढे जंपर बदलून त्याच रेडिओचं दुसरं पोर्ट मोजायचं, त्याबद्दल तेव्हा लिहितो.